जंगल आणि माळरान यांच्या सांध्यावरचा कंद

पश्चिम आफ्रिकेत घाना आणि टोगो या देशांच्या सीमेवर डोंगरांची एक रांग आहे. अडेले हा शेतकरी समाज तिथला. १८८८ साली जर्मनांनी त्यांच्या मुलखात बिस्मार्कबुर्ग नावाचं ठाणं वसवलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हातून टोगोलँड गेलं, ते ब्रिटिश आणि फ्रेंचांनी वाटून घेतलं, आणि एका भाषेची माणसं दोन राज्यांत पडली. आज अडेलेंची काही गावं घानाच्या ओटी प्रांतात आहेत, तर काही टोगोत.

मला मात्र इथली दुसरी सीमा जास्त मोलाची वाटते. दक्षिणेचं दमट जंगल आणि उत्तरेचा सव्हाना, म्हणजे गवताळ माळरान, या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. इथलं मुख्य पीक याम. आपल्याकडच्या कोनफळाचा आणि करांद्याचा हा सख्खा भाऊबंद. तिघंही डायोस्कोरिया या एकाच प्रजातीतले. जगातला नव्वद टक्क्यांहून जास्त याम पश्चिम आफ्रिकेत पिकतो. उकडून, उखळात कुटून केलेला त्याचा मऊ लगदा, फुफू, हे तिथलं रोजचं जेवण.

हा कंद माणसाने कुठून मिळवला? २०१९ साली शास्त्रज्ञांनी जंगली आणि लागवडीच्या मिळून १६७ यामच्या जनुकसंचांचा अभ्यास केला. लागवडीचा पांढरा याम जंगलातल्या एका रानटी जातीपासून, नायजर नदीच्या खोऱ्यात आला, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी ३३६ वाणांच्या अभ्यासातून वेगळं उत्तर आलं: हा संकर आहे, एक पालक जंगलातला आणि दुसरा माळरानावरचा. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण या दोन जाती जिथे शेजारी वाढतात अशाच सांध्यावर यामची शेती बहरलेली आहे. पण वाद अजून मिटलेला नाही.

याम बियांपासून क्वचितच लावतात. नर आणि मादी वेल वेगवेगळे, आणि कित्येक वाणांना फुलं येतातच असं नाही. म्हणून कंदाचे तुकडे हेच बेणं. पिकाचा मोठा वाटा पुढच्या लागवडीसाठी राखावा लागतो, आणि खायचा कंदच पेरायचा म्हटल्यावर ओढाताण ठरलेली. त्यावर या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. कंद मातीच्या उंच ढिगाऱ्यात लावलेला असतो. वेल हिरवा असतानाच शेतकरी ढिगाऱ्याची एक बाजू हलक्या हाताने उकरतो, पोसलेला कंद देठाखाली कापून काढतो आणि मुळं न दुखावता माती पुन्हा लोटतो. वेल मरत नाही. उरलेल्या हंगामात त्या देठाला लहान लहान कंद धरतात, तेच पुढचं बेणं. एकाच वेलापासून आधी अन्न, मग बेणं.

पण तुकड्यांपासून तुकडे लावत गेलं की वाण तोच राहतो आणि विषाणू पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. बेनिनमधले काही शेतकरी जंगलातून रानटी याम आणून शेतात लावतात आणि काही वर्षं निवड करत त्याला माणसाळवतात. शेतातल्या यामशी संकर झालेली रोपंही त्यात सापडतात. म्हणजे यामचं माणसाळणं आजही चालू आहे. माझ्या मते या पिकाबद्दलची ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आहे, आणि ती घडते ती प्रयोगशाळेबाहेर, शेतकऱ्याच्या हातून.

त्यासाठी रानटी याम रानात उरला पाहिजे, आणि जंगल तर मागे हटतंय. नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत यामच्या हजारो नमुन्यांची पेढी आहे. ज्वारी-बाजरीचं बी कोरडं करून थंडीत वर्षानुवर्षं ठेवता येतं. याम तसा ठेवता येत नाही. तो दरवर्षी शेतात नव्याने लावावा लागतो, नाहीतर परीक्षानळीत इवल्या रोपांच्या रूपात जगवावा लागतो.