'अकबर' जहाजावरची पोरं

'नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन' हा दम आपल्याकडे कितीतरी पोरांनी ऐकलाय. त्या रिमांड होमचं मूळ शोधत मागे गेलं की लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत नांगरलेल्या एका जुन्या जहाजापाशी येऊन थांबायला होतं. जहाजाचं नाव 'अकबर'. ते बांधलं गेलं होतं मुंबईच्या गोदीत, १८०१ साली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हातून, सागवानात. लढायांमधून निवृत्त झालेल्या या जहाजावर १८५६ पासून चोरीत सापडलेली मुलं राहू लागली. पुढे ते जहाज बदललं, पण त्याच्या जागी आलेल्या जहाजालाही 'अकबर' हेच नाव मिळालं.

यामागे १८५४ चा कायदा होता. सोळा वर्षांच्या आतल्या गुन्हेगाराला न्यायाधीश दोन ते पाच वर्षांसाठी सुधारगृहात पाठवू शकत असे. कायद्याने आईबापांची सुटका केली नव्हती. ऐपत असेल तर त्यांच्याकडून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत खर्च वसूल करायची सोय त्यात होती. आणि आधी किमान चौदा दिवस तुरुंग. मुलाला सुधारायचं म्हणायचं आणि सुरुवात मोठ्यांच्या कोठडीतून करायची! ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या बाईंनी या अटीला कडाडून विरोध केला. १८५२ मध्ये किंग्जवुडला त्यांनी स्वतः सुधारशाळा काढली होती, तेव्हा त्या ऐकीव माहितीवर बोलत नव्हत्या. या बाई १८६६ मध्ये मुंबईतही येऊन गेल्या. तोवर मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचं सुधारगृह सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. हिंदुस्थानात सुधारशाळांचा कायदा झाला तो १८७६ मध्ये.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. वय बारा, गुन्हा बुटांचा जोड चोरल्याचा. आल्याआल्या त्याचं नाव नोंदवहीत चढतं आणि नावापुढे उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा. पळून गेला तर ओळखू यावा म्हणून ही सगळी नोंद. पण त्या काळच्या अशा मोजमापांमधून आज वेगळंच काही वाचता येतं. चोरी न केलेल्या पण भीक मागत फिरणाऱ्या, निराधार मुलांसाठी 'इंडस्ट्रियल स्कूल' नावाच्या भगिनी संस्था होत्या. १८७० च्या दशकात तिथली अकरा-बारा वर्षांची मुलं श्रीमंतांच्या शाळांमधल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा सरासरी पाच इंचांनी बुटकी भरली. पाच इंच म्हणजे जवळपास पावणेतेरा सेंटिमीटर.

एवढा फरक केवळ आनुवंशिकतेने पडत नाही. हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात आणि लांबी तिथे वाढते. पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, त्यात वारंवार जुलाब-ताप आणि लहान वयातली अंगमेहनत, की शरीर असलेली शक्ती आधी जीव तगवायला वापरतं आणि वाढ लांबणीवर टाकतं. म्हणून उंची हा बालपणाचा जमाखर्च असतो. वेळेत पोटभर मिळू लागलं तर मागे पडलेली वाढ बऱ्याच अंशी भरूनही निघते. सुधारगृहातलं जेवण म्हणजे पाव, ओटची पेज, वाटाण्याचं सूप आणि आठवड्यातून काही वेळा मांस. बेचव खरं, पण रोज ठरलेल्या वेळी समोर येणारं. अनेक पोरांना हे आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

दिवस पहाटे सुरू व्हायचा. टांगत्या झोळ्या गुंडाळायच्या, मग गार पाण्यात गुडघे टेकून दगडाने डेक घासायचा. दिवसाचे काही तास लिहिणं-वाचणं-हिशेब आणि उरलेला वेळ काम: दोरखंडांच्या गाठी, शिडं शिवणं, शिंपीकाम, चांभारकाम. जमिनीवरच्या सुधारगृहांत याच वेळी मुलं फावड्याने शेतं खणत असत. चुकलं की वेताचे फटके किंवा कोठडी. या कष्टांत एक क्रूर गंमत होती: मुलांना खलाशी बनवायचं, पण शाही नौदल शिक्षा झालेली मुलं घेत नसे. व्यापारी जहाजांवरच काम मिळे.

सगळी पोरं मुकाट्याने सहन करत नव्हती. 'क्लॅरेन्स' हे कॅथलिक मुलांचं सुधारगृह-जहाज त्यावरच्याच मुलांनी १८८४ मध्ये पेटवून दिलं. १८८७ मध्ये 'अकबर'वर बंड झालं, कप्तानाची खोली फोडली गेली आणि सतरा मुलं होडी घेऊन पळाली. शिस्तीचे गोडवे गाणारे अहवाल वाचताना हे विसरता येत नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते मुलगा बाहेर पडल्यानंतरचं. मुदत संपायच्या आधीच त्याला परवान्यावर एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा कारागिराकडे कामाला ठेवलं जाई. सुटल्यावरही तीन वर्षं त्याची खबर ठेवावी लागे आणि सरकारी अहवालात ती रकान्यांत मांडली जाई: ठीक चाललंय, शंकास्पद, पुन्हा शिक्षा, मृत, पत्ता नाही. त्यासाठी अधिकारी मालकांना पत्रं लिहीत, मुलांना भेटत, काम सुटलं तर दुसरं पाहून देत.

अलीकडे ब्रिटिश संशोधकांनी 'अकबर'सह वायव्य इंग्लंडमधल्या अशा संस्थांतल्या सुमारे पाचशे मुलांची आयुष्यं जनगणना, सैन्य आणि न्यायालयांच्या कागदांवरून मृत्यूपर्यंत मागोवा घेत जुळवली. पुन्हा गुन्ह्याकडे वळलेले निघाले साधारण पाचांतला एक. आज ब्रिटनमध्ये कैदेतून सुटणाऱ्या मुलांच्या मानाने हे प्रमाण फारच कमी आहे. वेताचे फटके आणि कोठडी तर तुरुंगांतही होतीच, त्यामुळे या आकड्याचं श्रेय त्यांना देता येत नाही. सुधारगृहांकडे वेगळं होतं ते हातातलं कसब, ठरलेली नोकरी आणि विचारपूस करणारं माणूस. गिरण्या आणि गोद्यांना माणसं हवी होती, हेही तितकंच खरं.

सुरुवातीच्या तुरुंगवासाची तरतूद मात्र १८९९ पर्यंत पुस्तकात राहिली. मेरी कार्पेंटर जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती.