बिग स्टार या रॉक बँडचा एलपी (मोठी तबकडी) घेण्याआधी हे वाचा

काउंटरजवळ निऑनच्या चांदणीचं कव्हर दिसतंय ना, त्यावरचं 'नंबर १ रेकॉर्ड' बघून लोक विचारतात, हा कुठे नंबर वन होता बुवा? कुठेच नाही. नुसतं नाव. बँडचं नावही तसलंच, अमेरिकेत मेम्फिसला रेकॉर्डिंग चालू असताना पोरं ज्या किराणा दुकानातून खायला-बियला आणायची त्याची पाटी बिग स्टार, तीच उचलली.

चौघं जण. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल, जोडी स्टीफन्स. त्यातला चिल्टन १९६७ ला, १६ वर्षांचा असताना, बॉक्स टॉप्स नावाच्या बँडमध्ये गाऊन खरंच नंबर वन झालेला, म्हणजे नवखा अजिबात नव्हे.

पहिला एलपी १९७२ चा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण माल दुकानात पोचलाच नाही! वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे, ते सोल म्युझिकवाले, रॉक कसा खपवायचा त्यांना जमेना, मग त्यांनी कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि पुढे त्या दोघांचंच फाटलं, त्यात दुसरा एलपी 'रेडिओ सिटी' (१९७४) अडकला. रिव्ह्यू वाचून गिऱ्हाईक दुकानात जायचं नि हात हलवत परत. पहिल्याच्या तेव्हा १० हजार प्रतीसुद्धा गेल्या नाहीत. आम्ही दुकानदार, त्यामुळे हे जरा जास्तच लागतं, मागे आमचं एक पार्सल कुरियरवाल्याकडे ३ आठवडे पडून होतं तर निम्म्या लोकांनी ॲडव्हान्स परत मागितला.

बेल पहिल्या एलपीनंतरच बाहेर पडला, १९७८ च्या डिसेंबरात कार अपघातात गेला, २७ वर्षांचा. तिसरा एलपी रेकॉर्ड झाला १९७४ ला नि बाजारात आला १९७८ ला, तोवर बँडच नव्हता. चिल्टन पुढे न्यू ऑर्लिन्सला काही काळ चक्क भांडी घासायचा. मग आर.ई.एम., रिप्लेसमेंट्स वगैरे नव्या बँडची पोरं बिग स्टारचं नाव घ्यायला लागली, १९९३ ला चिल्टन आणि स्टीफन्स परत स्टेजवर आले. २०१० ला चिल्टन गेला. (टीव्हीवर 'दॅट सेव्हेंटीज शो' बघायचात? त्याचं टायटल साँग मूळ यांचं.)

आता किमतीचं. मूळ प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेल्या तबकड्या, तेव्हाच कमी, म्हणून महाग, आमच्याकडे येतात ते रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेले असतात आणि ऐकायला काही कमी नाहीत. एकच घ्यायचा असेल तर आम्ही 'रेडिओ सिटी' हातात देऊ, त्याचं कव्हरही बघा, लालभडक छत, मधोमध उघडा बल्ब, त्याला आलेल्या पांढऱ्या वायरी, फोटो मेम्फिसच्याच विल्यम एगल्स्टनचा. तिसरा लगेच नका घेऊ, फार उदास आणि विस्कटलेला आहे, रात्री उशिरा एकट्याने ऐकायचं काम.

पैसे देण्याआधी टेबलावरच्या प्लेअरवर एक बाजू ऐकून घ्या, फक्त सुई तेवढी आम्हाला ठेवू द्या.