आर्नोस ग्रोव्ह स्थानक

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गिकेवरील उपनगरी स्थानक. उत्तर लंडनमध्ये एनफिल्ड बरोच्या (स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) हद्दीत, बोज रोडवर ते आहे. तिकीटदरासाठी ते चौथ्या विभागात मोडते. शहराच्या बाजूला आधीचे स्थानक बाउंड्स ग्रीन, पुढचे साउथगेट. १९ सप्टेंबर १९३२ रोजी ते सुरू झाले. वास्तुकार चार्ल्स होल्डन (१८७५–१९६०). स्थानकाची ख्याती आहे ती गोल तिकीटघरामुळे, आणि छायाचित्रेही बहुतेक त्याचीच निघतात. रोजची वाहतूक मात्र खाली असलेल्या तीन रुळांच्या मांडणीवर तोलली जाते, म्हणून या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका

पिकॅडिली मार्गिका १५ डिसेंबर १९०६ रोजी हॅमरस्मिथ ते फिन्सबरी पार्क अशी सुरू झाली आणि उत्तर टोकाला पंचवीस वर्षे तिथेच अडकून राहिली. कारण तांत्रिक नव्हते. फिन्सबरी पार्कच्या पुढचा उपनगरी प्रवासी ग्रेट नॉर्दर्न रेल्वे ही वाफेच्या गाड्यांची कंपनी वाहून नेत असे. भुयारी मार्ग आणखी उत्तरेला नेऊ न देण्याचा नकाराधिकार तिने करारात राखून ठेवला होता. परिणामी शहरातून आलेला लोंढा फिन्सबरी पार्कला भुयारातून वर येई आणि ट्राम व बस पकडण्यासाठी रस्त्यावर झुंबड उडे. संध्याकाळची ही रेटारेटी त्या काळच्या वर्तमानपत्रांचा नेहमीचा विषय होती. १९२३ मध्ये ग्रेट नॉर्दर्न ही लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली. नव्या कंपनीनेही अट लगेच सोडली नाही. सार्वजनिक चौकशी झाली, दबाव वाढला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पैसा आला तो बेकारीमुळे. रोजगार देणाऱ्या कामांना सरकारी हमी व अनुदान देणारा कायदा ब्रिटनमध्ये १९२९ साली झाला आणि त्याचा आधार घेऊन फिन्सबरी पार्क ते कॉकफॉस्टर्स हा सुमारे १२ किमीचा विस्तार १९३० मध्ये हाती घेण्यात आला. पहिला टप्पा आर्नोस ग्रोव्हपर्यंत होता, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने हेच शेवटचे स्थानक होते. १३ मार्च १९३३ रोजी मार्ग एनफिल्ड वेस्टपर्यंत (आजचे ओकवुड) आणि ३१ जुलै १९३३ रोजी कॉकफॉस्टर्सपर्यंत गेला. शेवटचे स्थानक हा मान असा वर्षाच्या आत गेला, पण गाड्या इथून परत फिरवण्याची सोय कायम ठेवली गेली.

इमारत

भुयारी रेल्वेचे प्रशासक फ्रँक पिक आणि होल्डन यांनी १९३० मध्ये जर्मनी, नेदरलँड्स व स्कँडिनेव्हियाचा दौरा करून तिथली नवी बांधकामे पाहिली. त्याची पहिली ठळक खूण सडबरी टाउन (१९३१) या स्थानकावर दिसते: विटांची चौकोनी पेटी आणि वर काँक्रीटचे झाकण. आर्नोस ग्रोव्हला होल्डनने हीच कल्पना वर्तुळात बसवली. रस्त्यालगत एकमजली, बुटका, कोनाकोनांचा विटांचा भाग आहे आणि त्याच्या मधोमध गोल, उंच दंडगोल वर येतो. दंडगोलाच्या भिंतीत विटांच्या पट्ट्या आणि उंच खिडक्या आलटून पालटून येतात. वर काँक्रीटचे सपाट छत भिंतीच्या बाहेर थोडे काढलेले आहे. स्टॉकहोमचे सार्वजनिक ग्रंथालय (वास्तुकार गुनार आस्प्लुंड, १९२८) हा या आकाराचा पूर्वज मानला जातो. साम्य उघड आहे, फक्त इथे सगळे बरेच लहान मापात आहे, आणि आमच्या मते ते जास्त नेटके उतरले आहे.

आत मधोमध काँक्रीटचा एकच खांब आहे. उघडलेल्या छत्रीच्या दांड्यासारखा तो छत पेलतो. याच खांबाच्या बुंध्याशी तिकिटे विकण्याची काचेची सुटी खोली होती. तिला तिथे पासिमीटर म्हणत. तिच्यात बसलेला कर्मचारी एका बाजूने आत जाणाऱ्यांना तिकिटे देई आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडणाऱ्यांची तिकिटे गोळा करी. गर्दी नसलेल्या वेळी एका माणसावर स्थानक चाले. उपनगरात दुपारी प्रवासी तुरळक असत, तेव्हा ही बचत लहान नव्हती. गोल दालनात मध्यभागी खोली ठेवली की येणारे आणि जाणारे आपोआप तिच्या दोन अंगांनी विभागले जातात, म्हणजे हा आकार केवळ शोभेसाठी घेतलेला नाही. पुढे स्वयंचलित फाटके व भिंतीतली तिकीटयंत्रे आली आणि या खोलीचे मूळ काम संपले. खोली मात्र जागेवर जपलेली आहे.

१९७१ मध्ये इमारतीला दुसऱ्या श्रेणीचे वारसा संरक्षण मिळाले आणि २०११ मध्ये ते ‘दुसरी श्रेणी तारांकित’ असे वाढवण्यात आले. संरक्षित इमारतीत फाटके, फलक, कॅमेरे, केबल असे काहीही नवे बसवायचे तर मूळ वीट व काँक्रीटला धक्का लागणार नाही हे पाहावे लागते आणि साध्या दुरुस्तीलाही वेळ लागतो.

फलाट आणि रूळ

भुयारी रेल्वेचे स्थानक असले तरी फलाट उघड्यावर आहेत. बाउंड्स ग्रीनकडून येणारी गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती इथेच. पुढे साउथगेटच्या बोगद्यात शिरण्याआधी मार्ग आर्नोस पार्कवरून विटांच्या कमानींच्या पुलाने जातो. फलाट तिकीटघराच्या पातळीपेक्षा खाली आहेत. तिकीटघरातून झाकलेल्या पुलावर यायचे आणि जिन्याने खाली उतरायचे.

रूळ तीन, त्यांच्यामध्ये बेटासारखे दोन फलाट, म्हणजे गाडीला लागणाऱ्या कडा चार. बाहेरच्या दोन रुळांवरून सरळ जाणाऱ्या गाड्या धावतात. मधल्या रुळाला दोन्ही बाजूंना फलाट लागतो आणि इथेच संपणाऱ्या गाड्या तिथे घेतात. शहराकडून आलेली गाडी सांध्यावरून मधल्या रुळावर वळते आणि परतताना शहराकडे जाणाऱ्या बाहेरच्या रुळाला मिळते. या साऱ्या हालचालीत समोरून येणाऱ्या गाडीचा मार्ग ती कुठेच कापत नाही. फिरवण्याचा रूळ एका कडेला असता तर प्रत्येक वेळी विरुद्ध दिशेची वाहतूक थांबवावी लागली असती.

गाडी सहा डब्यांची, १९७३ सालच्या बनावटीची, शंभर मीटरहून थोडी लांब. चालकाला एका टोकाची केबिन बंद करून फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जावे लागते. नुसत्या चालण्यालाच दीड मिनिट जाते. घाईच्या वेळी हा वेळ वाचवायचा तर मागच्या टोकाला दुसरा चालक आधीच उभा असतो. तो गाडी लगेच बाहेर काढतो आणि आलेला चालक त्यानंतरच्या गाडीसाठी थांबतो. एवढी काळजी घेण्याचे कारण असे की मधला रूळ अडलेला असताना आणखी एक संपणारी गाडी आली, तर ती बाहेर सिग्नलला खोळंबते. तिच्यामागे कॉकफॉस्टर्सला जाणारी गाडी असते, तीही बोगद्यात थांबते, आणि पुढचा मार्ग पूर्ण मोकळा असूनही मागे रांग लागते.

लंडनची भुयारी रेल्वे चार रुळांच्या विजेवर चालते. म्हणजे चाके धावतात त्या दोन रुळांखेरीज प्रत्येक मार्गाला वीज वाहणारे आणखी दोन रूळ असतात: चाकांच्या बाहेरच्याला अधिक ४२० व्होल्ट, चाकांच्या मधल्याला उणे २१०, एकूण ६३० व्होल्ट एकदिश. बाहेरचा वीजवाहक रूळ शक्यतो फलाटापासून दूरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे घसरून पडलेला माणूस त्याच्यावर जाऊ नये. इथे दोन फलाटांमधल्या मार्गाला दूरची बाजूच नाही. त्यामुळे त्याचा वीजवाहक रूळ कुठल्या तरी एका फलाटाच्या कडेखाली येणे अटळ आहे.

स्थानकालगत गाड्या उभ्या करण्यासाठी सात साइडिंग आहेत. मार्गिकेची मोठी कारशेड नॉर्थफील्ड्स आणि कॉकफॉस्टर्स इथे आहेत. पण सकाळच्या काही गाड्या आर्नोस ग्रोव्हहूनच सोडता आल्याने रिकाम्या फेऱ्या वाचतात, आणि नादुरुस्त गाडी मार्गातून चटकन बाजूला काढता येते. गाडी साइडिंगला न्यायची असेल तर आधी प्रत्येक डबा रिकामा झाल्याची खात्री करावी लागते. झोपलेला एखादा प्रवासी एवढ्यावरून वेळापत्रक दोन-तीन मिनिटांनी ढळते.

उघड्या मार्गाचा आणखी एक त्रास शरद ऋतूतला. गळलेली पाने रुळावर चेंगरून गुळगुळीत थर बनतो, ब्रेक लावल्यावर चाक फिरायचे थांबते आणि घसरते, आणि त्याचा एक भाग चपटा होतो. असे चाक यंत्रावर पुन्हा गोल करेपर्यंत गाडी वापरता येत नाही. २०१६ च्या अखेरीस पिकॅडिली मार्गिकेच्या इतक्या गाड्यांची चाके अशी खराब झाली की सेवा बरीच कमी करावी लागली.

प्रवाशांसाठी

गाडीच्या पाटीवर आर्नोस ग्रोव्ह असेल आणि साउथगेट, ओकवुड किंवा कॉकफॉस्टर्स गाठायचे असेल तर इथे उतरावेच लागते. जिना चढायची गरज नाही, पुढची गाडी त्याच बेटफलाटाच्या दुसऱ्या कडेला येते. कॉकफॉस्टर्सची बाजू प्रत्यक्षात उत्तरेला असली तरी फलकांवर ती पूर्वेकडची म्हणून दाखवतात. शहराकडे जाताना मधल्या रुळावर उभी असलेली रिकामी गाडी बसायला बरी, पण आधी सुटणारी गाडी बहुधा कॉकफॉस्टर्सहून आलेली बाहेरच्या रुळावरची असू शकते. गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक पाहूनच फलाट ठरवावा, कारण दोन्ही गाड्या एकाच बेटफलाटाच्या दोन कडांना लागतात आणि दरवाजे बंद व्हायला लागल्यावर धावत बाजू बदलणे धोक्याचे आहे.