करंजाला देवी येत नाहीत

जळगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक करंज आहे. चैत्रात त्याला कोवळी चकचकीत पालवी फुटते आणि पावसाळा लागेपर्यंत निम्म्या पानांवर हिरवे-पिवळे फोड उठलेले असतात. परवा मी एक पान तोडत होतो तर शेजारच्या आजी ओट्यावरून ओरडल्या, "ए भाऊ, करंजले देवी उनी शे, हात नको लाऊ!" बुंध्याला हळदकुंकू आणि लिंबू आधीच झालं होतं. त्याच्याही आधी गल्लीतल्या एकाने कीटकनाशक आणून दोनदा फवारलं, साडेसहाशे रुपये गेले, फोड जिथल्या तिथे. लिंबू निदान स्वस्तात पडलं.

फवारणी वाया गेली कारण हे फोड करणारा कीटक नाहीच. तो कोळ्यांच्या खानदानातला, माइट. वांग्यावर लाल कोळी येतो ना, त्याचा लांबचा भाऊबंद. ह्याच्या घराण्याला एरिओफाइड म्हणतात, लांबी साधारण 0.2 मिलिमीटर, अंग गाजरासारखं निमुळतं, आणि कोळ्यांना आठ पाय असतात पण ह्याला चारच. कीटकांवरची बरीच औषधं कोळ्यांवर चालत नाहीत, आणि हा गडी तर वर फोडाच्या आत बसलेला.

मी एक फोड ब्लेडने उभा चिरला. वरून गच्च बंद, पण पान उलटं केलं की खाली एक बारीक भोक, भोकाच्या तोंडाशी केसांची दाटी आणि आत पोकळी. भाच्याच्या मायक्रोस्कोपखाली धरलं तेव्हा त्या पोकळीत पांढुरके जीव संथ वळवळत होते आणि समोरचा चहा कधी निवला कळलंच नाही.

आता खरी गंमत. हे घर माइट बांधत नाही, झाड बांधून देतं! माइट कोवळ्या पानात सुईसारखं तोंड खुपसतो आणि रस ओढताना लाळ सोडतो. कोवळंच पान लागतं, कारण जून पानातल्या पेशींनी आपलं काम ठरवून टाकलेलं असतं, त्या आता कोणाचं ऐकत नाहीत. कोवळ्या पेशी अजून वाढीच्या हुकमाची वाट बघत असतात आणि तो हुकूम देणारी रसायनं म्हणजे ऑक्सिन (पेशी लांबव) आणि सायटोकायनिन (पेशींची संख्या वाढव). जिथे टोचलं तिथे ह्या दोघांचं गणित बिघडतं. असे फोड म्हणजे झाडाच्या गाठीच, आणि काही गाठी करणारे कीटक तर ऑक्सिन स्वतःच्या अंगातच तयार करतात, म्हणजे झाडाची सही गिरवायला शिकलेले. मग पानाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढते. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले की वरची बाजू आधी आकसते आणि कडा वर वळतात, तसंच, फक्त इथे एक बाजू आकसण्याऐवजी जास्त वाढते, म्हणून पानाचा तेवढा तुकडा वर फुगून पिशवी होते आणि माइट आपसूक आत.

आणि पिशवीच्या आतलं अस्तर म्हणजे भरलेलं कोठार. तिथल्या पेशी विभागायचं सोडून आपल्या डीएनएच्याच प्रती काढत बसतात, केंद्रक फुगतं, पेशीभित्ती पातळ राहते, साखर आणि प्रथिनं साठतात, टॅनिनसारखी कडू संरक्षक द्रव्यं मात्र बहुतेक करून बाहेरच्या थरात जातात. म्हणजे पाहुण्याला गोड जेवण आणि पाहुण्याला खायला येणाऱ्याला तुरट भिंत.

गाठीचा नकाशा झाडापेक्षा पाहुण्याचा असतो. आंब्याच्या पानावर वेगवेगळ्या चिलटांच्या वेगवेगळ्या गाठी होतात, झाड तेच. 2021 मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी विच हेझल नावाच्या झुडपावरच्या मावा किडीत एक जनुक दाखवलं, त्यातल्या फरकाने गाठ लाल होणार की हिरवी हे ठरतं. गाठ झाडाची, रंग ठरवणारं जनुक माव्याचं!

"झाडाचा कॅन्सर" असंही फॉरवर्ड फिरतं, तेही तितकंच फेकू. आतला जीव मेला की गाठीची वाढ थांबते. कॅन्सरच्या जवळ जाणारी गाठ वेगळी, ती अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू करतो, तो स्वतःच्या डीएनएचा तुकडाच झाडात घुसवतो आणि मग जिवाणू गेला तरी गाठ वाढतच राहते. त्याचीच ही युक्ती उचलून बीटी कपाशी बनवली, जिला भारतात 2002 साली परवानगी मिळाली आणि जी आज आपल्या खान्देशात बांधाबांधाला दिसते.

ह्या फोडांनी करंज सहसा मरत नाही. पान जून झालं की माइट खालच्या भोकातून बाहेर पडतात आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देतात. बहुतेक भलतीकडे पडून संपतात, थोडे करंजाच्या कळीत पोचतात.

हे सगळं आईला सांगत होतो तर ती बाळगुटीचा डबा घेऊन बसली होती, नात महिन्याची झालीय. हळकुंड, वेखंड, मायफळ. म्हटलं, ह्यातलं मायफळ फळ नाहीच, ती ओकच्या झाडावरची गाठ आहे, एका बारक्या गांधीलमाशीने अंडं घातल्यावर झालेली, निम्म्याहून जास्त टॅनिन, हिराकस घालून पूर्वी ह्याचीच काळी शाई करायचे. तिने ते उजेडात धरून फिरवलं. एका बाजूला टाचणीएवढं गोल भोक होतं, माशी कधीच उडून गेली होती.

"म्हणजे किडकं दिलं मेल्याने," आई म्हणाली.