शालेय तपासणीच्या तक्त्यात दातांची जागा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. मोखाड्याचे पाडे आणि वाशी-नेरूळचे सेक्टर एकाच जिल्ह्यात मोडत, आणि २०११च्या जनगणनेत देशात सर्वाधिक लोकसंख्या याच जिल्ह्याची होती.

कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत ३० विकारांची तपासणी ठरली आणि त्यांचे चार गट झाले. जन्मतः व्यंगांच्या गटात दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावले, जन्मजात मोतीबिंदू, हृदयदोष असे नऊ विकार आले. दातांची कीड गेली ‘आजार’ गटात, त्वचारोग, कानाचे दुखणे आणि फेफरे यांच्या रांगेत.

ही विभागणी आजही खटकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाचा विकार जन्मानंतर काही आठवड्यांनी उद्भवतो, तरी तो जन्मतः व्यंगांत धरला गेला. दुधाच्या दातांचे कवच मात्र गर्भात चौथ्या महिन्यापासून घडू लागते, आणि त्यातल्या आनुवंशिक दोषाला तिथे स्थान नाही. प्रसूतिगृहात बाळाच्या तोंडात सहसा दातच नसतात आणि हे दोष दुर्मीळ असतात, हे खरे. पण परिणाम मुलाला भोगावा लागतो. अ‍ॅमेलोजेनेसिस इम्पर्फेक्टा, म्हणजे दातांच्या कवचाचा हा आनुवंशिक दोष, असलेल्या मुलाचे पिवळे-तपकिरी, झिजलेले दात शाळेतल्या तपासणीत टॉर्चच्या उजेडात किडल्यासारखेच दिसतात. शेरा पडतो ‘दंतक्षय’, आणि गोड खाऊ घातल्याचा बोल आईला लागतो.

हा गुंता क्ष-किरण चित्राने बराच सुटतो. कीड ठरावीक जागी काळसर दिसते. आनुवंशिक दोषात बहुतेक दातांचे कवच पातळ असते, किंवा कवच आणि त्याच्या आतला थर, म्हणजे डेंटिन, यांच्या छटा जवळपास सारख्याच दिसतात. सर्वांत बोलका पुरावा हिरडीखाली असतो, कारण तिथल्या न उगवलेल्या पक्क्या दातांतही तोच दोष दिसतो. न उगवलेल्या दाताला कीड कशी लागेल?

दातांची क्ष-किरण चित्रे १८९६पासून निघत आहेत. आपल्याला जवळचा टप्पा १९८७चा. त्या वर्षी फ्रान्समधून आरव्हीजी, म्हणजे फिल्मऐवजी सेन्सरवर दाताचे क्ष-किरण चित्र घेणारे तंत्र, आले आणि फिल्म धुण्याचे काम संपले. सेन्सरवरचे चित्र काही सेकंदांत पडद्यावर येऊ लागले, किरणांची मात्राही घटली. ठाणे, वाशी, नेरूळच्या खासगी दवाखान्यांत आता ते नित्याचे आहे. मर्यादा मात्र कायम आहे: सुमारे ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय कीड चित्रात नीट उमटत नाही. सुरुवातीची कीड टिपायला १९९८च्या सुमारास लेझरचे उपकरण आले, पुढे किरणोत्सर्गाविना निकट-अवरक्त प्रकाशात दात पाहणारे कॅमेरे आले.

मुरबाड-शहापूरच्या शाळेत जाणाऱ्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाने क्ष-किरण यंत्र सोबत न्यावे, असे कोणी म्हणत नाही. त्याला परवाना आणि संरक्षणाची व्यवस्था लागते. पण कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा केंद्रावर दंतवैद्याचे पद आहे. पथकाच्या तक्त्यात कवचाच्या दोषासाठी एक रकाना असता, तर त्या दंतवैद्याने पूर्ण जबड्याचे चित्र, म्हणजे ओपीजी, मागितले असते आणि भावंडांचेही दात तपासले असते. ‘दंतक्षय’ एवढाच शेरा असला की दुखणाऱ्या दाढेचे आरव्हीजी निघते आणि ती दाढ भरून मूल घरी जाते.