मृगाआधी किती पत्रा उघडाल?

गोव्यात जुन्या घराच्या पडवीत एखादी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर वर्षानुवर्षे उभी असते. टायर बसलेले, डिकीवर माडाची सुकलेली झावळी, दाराखालच्या पत्र्याला नखाएवढी भोके. घरातले कुणीतरी एके दिवशी ठरवते, ही गाडी आपणच दुरुस्त करून नव्याने उभी करायची. मग हिशेब सुरू होतो तो पैशांचा. खरे तर आधी पत्रा बघावा, मग कॅलेंडर, आणि पैसे त्यानंतर. गोव्यात अशा कामात माणसाची शर्यत गंजाशी असते, आणि गंजाला रविवारची सुटी नसते.

लोखंड नुसत्या पाण्याने गंजत नाही. पत्र्यावर पाण्याचा अगदी पातळ थर बसला की एका जागचे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत शेजारच्या जागी पोचतात आणि तिथे ऑक्सिजन आणि पाणी ते उचलतात. म्हणजे पत्र्यावर असंख्य चिमुकल्या बॅटऱ्या चालू असतात आणि त्यांत खर्च होते ते लोखंड. बॅटरीतले पाणी वीज वाहणारे हवे, आणि तिथेच मीठ आपले काम करते. स्वच्छ पत्रा साधारण ६० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत फारसा गंजत नाही. पण साध्या मिठाला ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी हेच दाखवते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्क्यांपासूनच हवेतले पाणी ओढते. म्हणून कांदोळीला किनाऱ्यालगत उभी असलेली गाडी डिसेंबरच्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही सूक्ष्म पातळीवर ओलीच असते. हवेतले मीठ किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने कमी होते, त्यामुळे तेवढ्याच वयाची वाळपईची गाडी बरीच धड निघू शकते. गाडी विकत घेत असाल तर ती कुठे उभी होती हे आधी विचारा, किलोमीटर नंतर.

आता न पटणारी गोष्ट. जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथला पत्रा जास्त खाल्ला जातो. चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, रबरी बीडिंगच्या मागे ऑक्सिजन तुटपुंजा असतो. तो भाग लोखंड सोडत राहतो आणि बाहेरचा मोकळा भाग ऑक्सिजन घेत राहतो. त्यामुळे बोनेटवरचा लालसर डाग दिसतो भीतीदायक, पण असतो वरवरचा. खरा घात मडगार्डच्या आत चिकटलेल्या मातीमागे झालेला असतो. त्यात गोव्याची माती गंजाच्याच रंगाची. जांभा म्हणजे तरी काय, पावसाने बाकीचे धुऊन नेल्यावर उरलेली लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे. गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला माती कुठे संपते आणि तांबेरा कुठे सुरू होतो हे कळत नाही. म्हणून तपासणीआधी गाडीचे पोट गोड्या पाण्याने दाबाने धुवून दोन दिवस वाळू द्या.

तपासणीला लागतात एक जाड जुना स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक आणि टॉर्च. गाडी वर घ्यायला जॅक आणि लोखंडी स्टँडच वापरा. आपल्याकडे सर्रास जांभ्याचे चिरे नाहीतर सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावतात. ते वजनाखाली आधी काही न सांगता एकदम फुटतात, आणि तेव्हा खाली माणूस असतो. चुंबक रंगावरून फिरवा; जिथे पकड सैल होते तिथे रंगाखाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली बहुधा भोक. मग हातोडीने टकटक करत जा. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. मालकाला वाईट वाटेल, पण आत जाणारा स्क्रूड्रायव्हर हीच सगळ्यात स्वस्त चाचणी. पोटाला डांबरी अंडरकोट जाड फासलेला असेल तर जास्त संशय घ्या. त्याच्यामागे पाणी शिरले की बाहेर येत नाही, आणि वरून सगळे काळेभोर, नीटनेटके दिसते.

कुठे टोचायचे हे गाडी कशी बांधली आहे त्यावर ठरते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या दोघींना वेगळी चॅसिस, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. फ्लोअर, उंबरे, खांब आणि छत मिळून एकच पेटी बनते आणि सगळा भार तीच पेलते. इथे दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पेटी म्हणजे गाडीचा कणाच. जुनी जीप किंवा स्टँडर्ड हेराल्ड यांच्याकडे वेगळी चॅसिस असते, बॉडी तिच्यावर बोल्टने बसते. जीपची बॉडी चाळणी झाली तरी चॅसिस धड असेल तर घरच्या घरी आशा आहे. पद्मिनीचे मडगार्ड, बोनेट, दाराची खालची कड हे सगळे कातडे. उंबरे, पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खांबाचे पाऊल, मागचे स्प्रिंगचे पाटे टांगलेली जागा, पुढचा क्रॉस मेंबर (आडवी तुळई) आणि जॅक लावायची जागा ही हाडे. स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, मॅटखालचा फ्लोअर मधल्या गटात येतात. बॅटरीचा ट्रे तर अ‍ॅसिडनेही खाल्लेला असतो.

एक साधी कसोटी. चारही दारांच्या फटी बघून ठेवा, मग एका बाजूच्या धड वाटणाऱ्या जागी जॅक लावून चाक उचला आणि दारे पुन्हा उघडून बंद करा. दार आता घासते किंवा लागत नाही, असे झाले तर पेटी वाकते आहे.

यावरून आमचे मत असे. कातडे गेले, फ्लोअरला दोन-चार भोके, एक उंबरा अर्धा खाल्लेला: शिकायची तयारी असेल तर स्वतः करा. दोन्ही उंबरे, खांबाचे पाऊल आणि पाट्यांची जागा तिन्ही गेली असतील तर पत्र्याचे काम कसलेल्या टिंकरला द्या आणि सुटे भाग, वायरिंग, इंजिन, सीट स्वतः करा. मध्येच दुमडलेली गाडी पहिली वेल्डिंग शिकायची जागा नव्हे.

आता कॅलेंडर. पूर्ण गाडी नव्याने उभी करायला हजार तास ही अतिशयोक्ती नाही. आठवड्याला आठ तास धरा. जून ते सप्टेंबरचे १७ आठवडे उघड्या पत्र्याचे काम होत नाही, उरले ३५. म्हणजे वर्षाला २८० तास, आणि हजार तासांना साडेतीन वर्षे. त्यात तीन पावसाळे. उघड्या पत्र्याचे तेवढ्यात काय होते? आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात, धातू किती गंजतो त्यावरून हवेचे वर्ग पाडले आहेत. त्यातल्या सी-४ वर्गात, म्हणजे मध्यम खारट किनारी हवेत, साधे पोलाद पहिल्या वर्षी ५० ते ८० मायक्रोमीटर झिजते. त्याहून वाईट सी-५ मध्ये ८० ते २००. बॉडीचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर, म्हणजे ९०० मायक्रोमीटर. दोन्ही बाजूंनी ८०-८० गेले तर एका वर्षात सहाव्या हिश्श्याहून जास्त संपला, आणि हे सरासरीने. खड्डे याहून खोल जातात. जुना, मळकट, फुगलेला रंगही काही प्रमाणात पांघरूण असतो. तो उत्साहाने खरवडून काढला आणि काम थांबले, तर न हात लावलेल्या गाडीपेक्षा ही लवकर मरते. परसात सांगाडे उरतात ते बहुतेक असे.

म्हणून पूर्ण गाडी एकदम सोलू नका. दिवाळीपासून शिगमोपर्यंतचा काळ पत्र्याचा. एका खेपेला एकच भाग उघडा, कापा, जोडा, प्रायमर मारून बंद करा, मग पुढचा. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, एकही चौरस इंच उघडा राहता कामा नये. पावसाळ्यात कार्बोरेटर, डायनॅमो, ब्रेक सिलिंडर, सीटचे कुशन घरात घेऊन बसा.

सुट्या भागांचा गंज काढायला लिंबूसत्त्व उत्तम: लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर बुडवून सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच वाळवून तेल लावा. माडाच्या सुरेचे व्हिनेगर नट-बोल्टांना चालते, फक्त वेळ लागतो. मोठ्या ब्रॅकेटना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढणे, बरे. प्लास्टिकच्या पिंपात २० लिटर पाणी, २०० ते ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा साधा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा पिंप मोकळ्या हवेत ठेवा आणि आधी चार्जर बंद करून मगच चिमटे काढा. पाटे आणि कडक पोलादाचे बोल्ट मात्र अ‍ॅसिडात किंवा यात घालू नका, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात. दुमडलेल्या जोडांना अ‍ॅसिड लावू नका. आत राहिलेले थेंब पुढे पत्राच खातात.

गंज काळा करणारे जे द्रव बाटलीत मिळतात, त्यांत बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक अ‍ॅसिड असते. टॅनिन लोखंडाशी मिळून काळा, न विरघळणारा थर बनवते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत, तिच्यामागे हेच रसायन. वरवरच्या गंजाला हे उपयोगी. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर लावले तर काळे होतात ते फक्त वरचे पापुद्रे.

वाळूचा मारा करून पत्रा झटपट साफ होतो, पण दार-बोनेटसारखे सपाट भाग त्याने लाटा मारल्यासारखे वाकतात. साधी वाळू फुप्फुसांना सिलिकोसिस करते. किनाऱ्यावरची वाळू तर मीठही पेरते. साफ पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका. घामात मीठ आहे, आठवड्याने त्या जागी बोटांचे ठसे गंजाने उमटतात.

कापताना दिसणाऱ्या खड्ड्यांच्या पलीकडे २० ते २५ मिलिमीटर, चकचकीत धातू लागेपर्यंत जा. उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटर चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार टाका, कर्णांची मापे लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू. हे टाळले की वेल्डिंग सुंदर होते आणि दार लागत नाही. पॅचला सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, कातड्याला २० गेज, हाडांना १८. सीओटू वेल्डिंग मशीनमध्ये ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार घ्या आणि सलग ओळ ओढू नका. वेल्डचा एक छोटा टाका, हातभर दूर दुसरा, मग उलट बाजूला तिसरा. पत्रा हाताला सोसेल इतका निवला की मगच पुढे. पाणी मारून निववू नका. पेट्रोलची टाकी आधीच काढून दूर ठेवा, बॅटरी सोडा, सीट आणि मॅट बाहेर, अग्निशामक जवळ. टाकीला स्वतः वेल्डिंग कधीच नाही. स्फोट होतो तो रिकाम्या टाकीतल्या वाफेचा.

वेल्डिंग झाले त्याच दिवशी दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, त्याच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही. आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर रंग नको, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरते त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम हवा. डिसेंबरच्या पहाटे दव पडते, तेव्हा रंगाची वेळ सकाळी दहानंतरची. ड्युको (थिनर उडून वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग) दमट हवेत मारला तर पांढरट होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतले पाणी रंगात बसते. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगातले आयसोसायनेट हे विषारी रसायन साध्या मास्कने अडत नाही. तो फवारा बूथ असलेल्याकडे द्या. जुना रंग घासाल तो ओला घासा, त्यात शिसे असू शकते.

खर्चाचे एकच सांगतो. पत्रा आणि गॅस स्वस्त असतात. क्रोम, काचा, बीडिंग आणि दिवे पैसा खातात. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरचे बरेचसे भाग अजून जुन्या बाजारात मिळतात. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशातून आलेल्या गाडीची मात्र पुढची काच फुटलेली असेल तर काच सापडेपर्यंत ग्राइंडरला हात लावू नका. गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत नोंद होते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. चॅसिस नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे तो घासू किंवा कापू नका. त्याचे फोटो आधी काढा.

यंदा जमणार नाही असे वाटले, तर गाडी तशीच टिकवता येते. गोड्या पाण्याने धुवा, मॅट आणि पानगळ काढा, स्टँडवर घ्या, उंच छपराखाली हवा खेळती ठेवा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आतून घाम धरते. पोटाला जळालेले ऑइल फासू नका. त्यात अ‍ॅसिड असते आणि रबरी बुश फुगतात. पोकळ पेट्यांत मेणाचा फवारा मारा. आणि मे संपायच्या आत सायकलची जुनी तार घेऊन दारांच्या आणि उंबऱ्यांच्या खालची पाणी जायची भोके एकेक करून मोकळी करा. बहुतेक गाड्यांत ती कुणीतरी पुट्टीने बुजवलेली असतात.