प्रजनन आरोग्य शिक्षण, कामाच्या ठिकाणचे (बडोदे)

कारखाने, दुकाने आणि कार्यालये यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांना पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन, जननमार्गाचे संसर्ग व प्रसूतीविषयक हक्क यांची कामाच्या जागीच दिली जाणारी माहिती.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो संततिनियमनाच्या चळवळीत शोधतात, र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ च्या सुमारास काढलेले केंद्र हा त्यांचा आधार. पण कर्व्यांचा रोख विवाहित जोडप्यांवर होता, कामावरच्या मुलीवर नव्हे. १९५२ च्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमाबद्दलही तेच म्हणता येईल; त्याची पुढची वाटचाल तर शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांभोवतीच झाली व ती उद्दिष्टे १९९६ मध्ये मागे घेतली गेली. 'प्रजनन आरोग्य' ही संज्ञा १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेनंतर रुळली, म्हणून दुसरा पक्ष तेथून आरंभ मानतो. संज्ञेपुरते ते खरे. प्रत्यक्ष व्यवहाराचा धागा मात्र कामगार कायद्याशी जुळवणे अधिक सयुक्तिक वाटते. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. बडोदे संस्थान इलाख्याबाहेर असल्याने तो येथे लागू नव्हता. संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला व १९०६ पासून सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर नेले, हे खरे. पण त्यांत कामकरी स्त्रीच्या आरोग्याचा धागा शोधणे ओढाताणीचे ठरेल. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयाने बायकांना कामाची जागा दिली, एवढे म्हणता येते.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२ आठवडे पगारी रजा. गर्भपातानंतर सहा आठवडे, स्त्रीनसबंदीनंतर दोन आठवडे. पूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. नेमणुकीच्या वेळीच हे सारे लाभ लेखी व इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कळवणे मालकावर बंधनकारक करण्यात आले. शिक्षणाचा कायदेशीर आधार असेल तर तो हाच. व्यवहारात हा कागद नेमणूकपत्रामागे टाचलेला राहतो. पुढे या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या.

भाषेची अडचण बडोद्यात विशेष आहे. मराठी घरात आई 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे' म्हणते. कामावर 'मासिक', 'अटकाव' हे गुजराती शब्द कानी पडतात. फलकावर 'मासिक धर्म' असते. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी विचारले तरी मुली गप्प राहतात आणि प्रश्न घडीच्या चिठ्ठीवर येतात. श्रावण ते आश्विन या काळात एक प्रश्न हमखास येतो: गौरीला किंवा गरब्याला पाळी येऊ नये म्हणून गोळी घेतली तर पुढे मूल राहायला त्रास होतो का? ही गोळी बहुधा नॉरेथिस्टेरोन. पाळीच्या अपेक्षित तारखेआधी साधारण तीन दिवसांपासून घेतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिने वंध्यत्व येत नाही, आणि ती गर्भनिरोधकही नाही, हे दुसरे अनेकींना ठाऊक नसते. रक्ताच्या गुठळीचा वा यकृताचा आजार असलेल्यांनी ती टाळावी. मैत्रिणीच्या पाकिटातून घेण्याची ही वस्तू नव्हे.

रक्तक्षय हा दुसरा मोठा विषय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधील १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांत तो आढळला; देशाचा आकडा ५७. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास लोह कमी शोषले जाते, म्हणून दहाच्या चहाची वेळ सोडून ती घ्यायला सांगतात. स्वच्छतागृह दूर असल्याने पाणी कमी पिण्याची सवय आणि त्यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, याला व्याख्यानापेक्षा जवळचे स्वच्छतागृह उपयोगी.

मकरपुरा, नंदेसरी येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे उद्योग आहेत. शिसे व काही द्रावके गर्भाला घातक ठरतात. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ८७ खाली धोकादायक प्रक्रियांत स्त्रियांच्या नेमणुकीवर २०२५ पर्यंत निर्बंध घालता येत असत. घरकामाच्या मावशींना यातले काहीच मिळत नाही, कारण त्यांच्या कामाची जागा दुसऱ्याचे घर असते.